नसलेली पिन

डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर माणसाचा हात सगळ्यात जास्त वेळा जातो तो पुढच्या बाजूच्या यूएसबी पोर्टकडे. पॉवरचं बटण दिवसातून एकदा-दोनदा दाबलं जातं. डीव्हीडी ड्राइव्ह तर नव्या कॅबिनेटमधून जवळजवळ गेलाच. पण पेन ड्राइव्ह, फोनची केबल, वेबकॅम, हेडसेट, रिटर्न भरायच्या दिवसांत डिजिटल सहीचं टोकन, हे सगळं पुढेच लागतं. आणि कॉम्प्युटर जुळवताना सगळ्यात कमी लक्ष मिळतं तेही याच पोर्टांना. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना जुळवणारा श्वास रोखून धरतो. रॅम बसल्याचा टक् आवाज आला की त्याचा चेहरा सैल होतो. ग्राफिक्स कार्ड खोक्यातून बाहेर निघालं की शेजारच्या टेबलावरचेही उठून बघायला येतात. पुढच्या यूएसबीची केबल मात्र या सगळ्यानंतर कॅबिनेटच्या तळाशी अंधारात लोंबत असते. ती जोडली नाही तरी मशीन चालू होतं, विंडोज येतं, बिल होतं आणि गिऱ्हाईक मशीन रिक्षात घालून घरी जातं.

केलं नाही तरी चालून जातं अशा कामाचं एखाद्याने काय केलं, यावरून मी जुळवणाऱ्याचा हात ओळखते.

माझा व्यवसाय डीटीपीचा. पुण्यात पेठेतल्या एका खोलीत पुस्तकं आणि दिवाळी अंक लावण्यात उमेदीची वर्षं गेली. ब्रँडेड मशीन घेणं त्या काळी आम्हाला परवडत नव्हतं. सुटे भाग आणायचे आणि जुळवायचे. काही तापकीर गल्लीतून, मोठी खरेदी असेल तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून. त्या रस्त्याचं नाव कागदोपत्री कधीचंच डॉ. भडकमकर मार्ग झालेलं आहे, पण कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी ते अजून बसलेलं नाही. सुरुवातीला जुळवायला माणूस बोलवत होतो. बघता बघता मीच शिकले, आणि मग ओळखीपाळखीच्यांची मशीनंही माझ्याकडे येऊ लागली. आमच्या कामात पुढचा पोर्ट म्हणजे चैन नव्हतीच. लेखक मजकूर घेऊन यायचे तो पेन ड्राइव्हवर, चित्रकार मुखपृष्ठ आणायचे तेही पेन ड्राइव्हवर, छापखान्यात जाणारी फाइलही त्याच वाटेने बाहेर पडायची. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात तो पोर्ट दिवसभर मोकळा नसायचा.

तशी कॅबिनेटची पुढची बाजू आधी फ्लॉपीची होती. साडेतीन इंची, १.४४ एमबीची. बाकीचं सगळं मागे. कीबोर्डचा गोल प्लग, माउसचा वेगळा, प्रिंटरचा २५ पिनांचा रुंद प्लग आणि तो घट्ट बसवायला दोन बाजूंना दोन स्क्रू. एक वस्तू बदलायची तर मशीन बंद करून टेबल पुढे ओढावं लागे. हा पसारा आवरावा म्हणून सात कंपन्या एकत्र आल्या: कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचं पहिलं मानक बाहेर पडलं. इंटेलमध्ये या कामाचं नेतृत्व करणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले इंजिनिअर. प्लग कसाही उलटसुलट लावता यावा अशी सोय तेव्हाच का केली नाही, असं त्यांना पुढे अनेकदा विचारलं गेलं. त्यांचं उत्तर साधं होतं: तसं केलं असतं तर वायरी आणि सर्किट दुप्पट लागली असती, खर्च वाढला असता, आणि नवी गोष्ट रुजायची असेल तर ती स्वस्त असावी लागते. मला हे उत्तर पटतं. आज लाखो लोक प्लग एकदा लावतात, लागत नाही म्हणून फिरवतात, पुन्हा लावतात. पण त्या काटकसरीमुळेच तो प्लग खेड्यातल्या शाळेपर्यंत पोचला.

१९९८ मध्ये अॅपलने आयमॅक काढला आणि त्यात जुने पोर्ट काढून टाकून यूएसबी ठेवला. त्याच वर्षी विंडोज ९८ आलं. २००० साली यूएसबी २.० आलं आणि सेकंदाला १२ मेगाबिटवरून एकदम ४८० मेगाबिटचा वेग मिळाला. पण माझ्या मते पोर्ट मागून पुढे आला तो या वेगामुळे नव्हे. त्याच वर्षी बाजारात आलेल्या पहिल्या पेन ड्राइव्हमुळे आला. जेमतेम ८ एमबीची ती वस्तू होती, म्हणजे सहा फ्लॉपींचाही मजकूर तिच्यात मावत नव्हता. पण प्रिंटर एकदा लावला की वर्षानुवर्षं तसाच राहतो, पेन ड्राइव्ह मात्र लावायचा आणि काढायचा असतो. जी वस्तू दिवसातून अनेकदा लावायची-काढायची, तिची जागा हाताशी हवी. फ्लॉपीने मोकळी केलेली जागा अशी भरली गेली.

इथून पुढे खरी अडचण सुरू होते, आणि मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच.

मागचे पोर्ट मदरबोर्डवरच कायमचे डाख लावून बसवलेले असतात. बोर्ड ज्या कारखान्यात बनला तिथेच ते तपासलेले असतात. पुढच्या पोर्टांचं तसं नाही. ते कॅबिनेटबरोबर येतात. कॅबिनेट करणारी कंपनी वेगळी, मदरबोर्ड करणारी वेगळी. दोघींची कधी गाठ पडलेली नसते. एकीने पोर्टला केबल लावून तिचं टोक मोकळं सोडून दिलं, दुसरीने बोर्डाच्या कडेला पिनांचा छोटा हेडर उभा केला, आणि दोघींनीही गृहीत धरलं की मधलं काम कुणीतरी तिसरं करेल. हे तिसरं माणूस म्हणजे टेबलाशी वाकलेला जुळवणारा. पुढचा पोर्ट चालणार की नाही, हे पूर्णपणे त्याच्या हातात असतं.

सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या हाती फार जोखमीचं काम होतं. कॅबिनेटच्या केबलला एकसंध कनेक्टर नसायचाच. प्रत्येक पोर्टच्या चार वायरी सुट्या, प्रत्येकीच्या टोकाला एकेका पिनेचं काळं बोंडूक. लाल वायर ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची, पांढरी डी मायनसची, हिरवी डी प्लसची; या शेवटच्या दोन माहितीच्या. दोन पोर्ट म्हणजे अशी आठ बोंडकं. त्यांच्यावर बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं, तेही प्रत्येक कंपनीचं वेगळं. बोर्डावर पिनांचा क्रमही सगळीकडे सारखा नव्हता. मॅन्युअल उघडायचं, आकृती बघायची, मॅन्युअल उलटं धरलंय की बोर्ड उलटा आहे ते ठरवायचं, आणि मग एकेक बोंडूक चिमट्याने पिनेवर सरकवायचं. डी प्लस आणि डी मायनस यांची अदलाबदल झाली तर पोर्ट नुसता मुका राहतो. पण लाल आणि काळीची अदलाबदल झाली तर जी वस्तू लावाल ती जाते, आणि कधीकधी बोर्डही. चार महिन्यांचा मजकूर ज्या पेन ड्राइव्हमध्ये आहे तो लेखक विश्वासाने पोर्टात घालतो. त्याच्यामागे कुणी आठ वायरी कोणत्या क्रमाने लावल्या, हे त्याला कळायला काहीच मार्ग नसतो.

पुढे यावर एकमत झालं. इंटेलने पुढच्या पॅनलच्या जोडणीबद्दल मार्गदर्शिका काढली, कॅबिनेट आणि बोर्ड करणाऱ्यांनी ती हळूहळू स्वीकारली, आणि आज आपण बघतो तो हेडर रूढ झाला: पाच-पाच जागांच्या दोन ओळी, दोन पिनांत इंचाच्या दहाव्या भागाचं म्हणजे २.५४ मिलिमीटरचं अंतर. एका ओळीत एक पोर्ट, दुसऱ्या ओळीत दुसरा. दोन्हीकडे क्रम सारखाच: ५ व्होल्ट, डी मायनस, डी प्लस, ग्राउंड. अशा झाल्या आठ पिना. दहावी पिन उभी असते, पण तिच्याकडे काही काम नसतं. आणि नवव्या जागी पिनच नसते.

माझी भाची आर्किटेक्चरला आहे. तिला मोठ्या ड्रॉइंगसाठी मशीन हवं होतं आणि ते स्वतः जुळवायची हौसही होती. बोर्ड खोक्यातून काढून तिने टेबलावर ठेवला, खालच्या कडेला नीट निरखलं आणि तिचा चेहरा पडला.

"मावशी, हा बोर्ड बदलून आणायला हवा. इथली एक पिन तुटलीय."

"तुटली नाही गं. ती लावलेलीच नाही."

"म्हणजे राहिली?"

"मुद्दाम ठेवलेली नाही. आता कॅबिनेटची केबल हातात घे आणि तिचं तोंड बघ."

तिने केबलचा कनेक्टर उजेडात धरला. नऊ भोकं उघडी, एक बुजवलेलं. जिथे बोर्डावर पिन नाही, तिथेच कनेक्टरमध्ये भोक नाही. उलटं लावायला गेलं तर बुजवलेलं भोक उभ्या पिनेवर येतं आणि कनेक्टर खाली जातच नाही. तिने उलटं लावून बघितलं, गेलं नाही; फिरवलं, आणि अलगद बसलं. मग बराच वेळ ती त्या कोपऱ्याकडे बघत होती. आर्किटेक्चरची मुलगी, मोकळी सोडलेली जागा कशासाठी आहे हे तिला फार समजावून सांगावं लागलं नाही.

मला तरी या सगळ्या यंत्रात ही नसलेली पिन फार मोलाची वाटते. कुणीतरी इंजिनिअर कागदावर हे आखत असताना त्याच्या डोळ्यांसमोर जुळवणारा माणूस होता. दमलेला, कमी उजेडात वाकलेला, मॅन्युअल वाचता न येणारा किंवा वाचायला वेळ नसलेला. त्याच्या हातून चूक होऊ नये म्हणून सूचनांचं आणखी एक पान छापता आलं असतं. त्याऐवजी त्याने एक पिन काढून टाकली. धातूही वाचला आणि चूक करणं अशक्य झालं. पुढच्या पॅनलच्या आवाजाच्या केबलचा, म्हणजे हेडफोन आणि माइकचा हेडरही असाच पाच-पाच जागांचा असतो आणि बहुतेक वेळा त्याच कडेला असतो. तिथे नववी पिन असते आणि आठवी नसते. त्यामुळे हेडफोनची केबल यूएसबीच्या हेडरवर चुकूनही बसत नाही. जागा एका घराने बदलली, एवढ्यावर दोन हेडरांची ओळख पक्की झाली.

अशी काळजी जिथे घेतली गेली नाही तिथे काय झालं, तेही सांगायला हवं. फायरवायर म्हणजे १३९४ नावाची दुसरी जोडणी त्या काळात व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी वापरली जायची. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांना ती नक्की आठवत असेल. तिचा बोर्डावरचा हेडर यूएसबीच्या हेडरसारखाच दिसायचा, आणि पिनही नववीच नसायची. यूएसबीची केबल तिथे बिनतक्रार बसायची. पण तिथल्या पिनांवर १२ व्होल्ट होते. मदरबोर्डांच्या मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात इशारा असायचा की एकाची केबल दुसऱ्याला लावू नका, बोर्ड खराब होईल. इशारा छापावा लागला, कारण आकाराने अडवण्याची संधी हुकली होती. एका रिकाम्या जागेचा प्रश्न होता आणि तो दोन समित्यांनी एकमेकींना विचारून सोडवायला हवा होता.

यूएसबीच्या आखणीत अशा जपणुकीच्या खुणा आणखी आहेत. पेन ड्राइव्हच्या प्लगमध्ये डोकावून बघितलं तर चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन लांब, मधल्या दोन आखूड. कडेच्या पट्ट्या वीज आणि ग्राउंडच्या. त्या लांब असल्यामुळे आधी टेकतात आणि काढताना शेवटी सुटतात. म्हणजे माहितीच्या वायरी भेटण्यापूर्वी वस्तूला वीज आणि ग्राउंड मिळालेलं असतं. आपल्या घरातल्या तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, तिच्यामागे विचार हाच. चालू मशीनला वस्तू लावता-काढता येतात ही यूएसबीची सगळ्यात मोठी सोय, तिच्या मुळाशी ही थोडी जास्तीची लांबी आहे.

आणि वायरींचा पीळ. पांढरी आणि हिरवी वायर एकमेकींभोवती वळलेल्या असतात. बघणाऱ्याला वाटतं, सुटू नयेत म्हणून. खरं कारण वेगळं आहे. एकाच संदेशाची एक बाजू एका वायरीतून जाते आणि नेमकी उलट बाजू दुसरीतून. घेणारी चिप दोन्हींमधला फरक तेवढा वाचते. पंख्याच्या मोटरमुळे किंवा वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमुळे जो गोंगाट केबलवर पडतो तो पिळामुळे दोन्ही वायरींवर सारखाच पडतो, आणि फरक काढताना तो आपोआप वजा होतो. टेलिफोनच्या तारांसाठी या युक्तीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ सालीच घेतलं होतं. त्यामुळे केबल आखूड पडते म्हणून तिचा पीळ उकलून वायरी पसरून बसवणारा जुळवणारा दिसला की मी त्याला थांबवते. नीटनेटकं दिसावं म्हणून एकेक वायर सरळ करणाऱ्यांनाही हेच सांगते.

हल्लीच्या मशीनमध्ये खरा नाजूक प्रकार आहे तो निळ्या पोर्टांचा. यूएसबी ३.० चं मानक नोव्हेंबर २००८ मध्ये आलं, वेग सेकंदाला ५ गिगाबिट. जुन्या चार वायरी तशाच ठेवून त्यांच्याजोडीला नव्या पाच आल्या, म्हणजे एका पोर्टच्या नऊ. दोन पोर्टांच्या अठरा आणि एक जास्तीची ओळखीची पिन, म्हणून बोर्डावरच्या हेडरमध्ये १९ पिना. विसावा कोपरा इथेही रिकामा. शिवाय भोवती प्लास्टिकची चौकट आणि तिला एका बाजूला खाच, म्हणजे चुकीच्या दिशेला दोन अडसर. एवढी जपणूक करूनही सगळ्यात जास्त नुकसान होताना मी इथेच पाहिलं आहे. पिना बारीक, त्यांच्यातलं अंतर २ मिलिमीटर, आणि केबल जाड. वेगवान वायरींच्या प्रत्येक जोडीभोवती वेगळं कवच असल्यामुळे ती करंगळीएवढी होते आणि सहज वळत नाही. कनेक्टर बसवताना केबलचा ताण आडवा पडला की पिना वाकतात. काढताना घाईने ओढलं तर कनेक्टरबरोबर हेडरची चौकटच उपटून हातात येते.

यावर उपाय हाताचाच आहे. आधी केबल कॅबिनेटच्या मागच्या पोकळीतून हवी तिथपर्यंत आणायची, वळण नीट बसवायचं, आणि केबलला स्वतःहून तिथे थांबता येतंय याची खात्री झाल्यावरच कनेक्टर हेडरवर टेकवायचा. खाच बघायची. मग दोन बोटांनी सरळ खाली दाबायचं, डावं-उजवं न करता. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबायचं आणि टॉर्च लावून पिना बघायच्या. काढताना केबलला हात न लावता कनेक्टरच्या दोन्ही कडा धरून तसूतसूने वर घ्यायचा. आणि हे सगळं ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधी. कार्ड बसलं की खालच्या कडेचे हेडर त्याच्या सावलीत जातात आणि तिथे मोठ्या माणसाचा हात जात नाही. भिंतीवरचं बटण बंद असलेलं बरं. अनेक बोर्डांवर मशीन बंद असलं तरी यूएसबीच्या पिनांवर ५ व्होल्ट उभे असतात. त्याच विजेवर बंद मशीनच्या पोर्टला लावलेला फोन चार्ज होतो.

निळा पोर्ट मिळाला म्हणून काळा, म्हणजे जुना यूएसबी २.० चा, टाकाऊ ठरत नाही. वायरलेस माउसचं डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं, आणि यूएसबी ३.० च्या वायरींतून जो गोंगाट बाहेर पडतो तो त्याच पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर निबंधच प्रसिद्ध केला होता. निळ्या पोर्टाला हार्ड डिस्क लावली की शेजारच्या पोर्टातला माउस अडखळू लागतो, त्याचं कारण बहुधा हेच. डोंगल काळ्या पोर्टात, थोडं दूर लावावं. म्हणून जुळवताना दोन्ही केबली जोडाव्यात, एक जोडली की पुरे असं म्हणू नये. नव्या कॅबिनेटांना पुढे टाइप-सी पोर्टही असतो, त्याचा हेडर आणखी वेगळा, धातूच्या कवचातला. स्वस्त बोर्डांवर तो असतोच असं नाही. कॅबिनेट घेण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उघडून तेवढं पान बघून घ्यावं. नाहीतर पुढचा सी पोर्ट शोभेपुरता उरतो.

आता एका वाचनालयाबद्दल. गावाचं नाव सांगत नाही, जुळवून देणाऱ्या दुकानाचंही नाही. पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर घ्यायची म्हणून वर्गणी काढून त्यांनी मशीन आणलं होतं. ग्रंथपाल बाई निवृत्तीला आलेल्या. रोज संध्याकाळी यादीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची असा त्यांचा नेम. त्यासाठी त्या टेबलाखाली वाकून, एका हाताने खुर्ची धरून, कॅबिनेट फिरवून मागच्या पोर्टात पेन ड्राइव्ह लावायच्या. त्यांचे गुडघे दुखतात हे चालण्यावरून दिसत होतं. मी विचारलं, "पुढे का लावत नाही, काकू?" त्या म्हणाल्या, "ते पहिल्यापासून बिघडलेले आहेत."

मी कॅबिनेट उघडलं. पुढच्या यूएसबीची केबल कारखान्यातून आली तशीच, रबर बँडने गुंडाळलेली, तळाशी पडलेली होती. हेडर समोरच होता, त्याच्या पिनांवर धूळही फारशी नव्हती. काहीही बिघडलेलं नव्हतं. कुणीतरी दोन मिनिटं वाचवली होती आणि त्याची किंमत एक बाई रोज संध्याकाळी वाकून भरत होती. मला त्या दिवशी फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही. हे काम करणारी मुलं वाईट नसतात. दिवसाला अनेक मशीनं उभी करायची असतात, पैसे नगाप्रमाणे मिळतात, आणि पुढचा पोर्ट चालतो का हे दुकानात कुणी विचारत नाही. विचारत नाही, म्हणून राहतं. आणि ज्याला त्रास होतो तो माणूस यंत्राला दोष देतो, किंवा आपल्यालाच काही कळत नाही असं समजून गप्प बसतो.

ते कॅबिनेट जुन्या पद्धतीचं निघालं, सुट्या बोंडकांचं, आणि वायरींचे रंगही नेहमीचे नव्हते. अशा वेळी रंगांवर विसंबू नये. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, एक टोक पोर्टच्या आतल्या पट्टीला, दुसरं वायरीच्या टोकाला. बीप वाजला की ती वायर त्या पट्टीची. पोर्टमधल्या चार पट्ट्यांचा क्रम जगभर एकच आहे, वीज, डी मायनस, डी प्लस, ग्राउंड, त्यामुळे वायर कुठल्याही रंगाची असली तरी तिची ओळख पटते. कागदाच्या चिठ्ठ्या लावून मी सगळ्या जोडल्या, मशीन चालू करून आधी मीटरवर ५ व्होल्ट आणि त्यांची दिशा बघितली, आणि मगच काकूंना पेन ड्राइव्ह द्यायला सांगितला. त्यांनी तो बसल्या जागेवरून लावला आणि लगेच यादीची प्रत घ्यायला लागल्या. संध्याकाळची वेळ झालेली होती.

काही ठिकाणी पुढचे पोर्ट मुद्दाम बंद ठेवतात. बँका, काही सरकारी कचेऱ्या, जिथे बाहेरचा पेन ड्राइव्ह लागू नये असा नियम असतो. तिथे केबल काढून ठेवणं योग्यच आहे, आणि तो निर्णय कुणीतरी विचार करून घेतलेला असतो. माझी तक्रार कुणीच निर्णय न घेता बंद राहिलेल्या पोर्टांबद्दल आहे. असे पोर्ट शाळांच्या कॉम्प्युटर खोल्यांत, झेरॉक्सच्या दुकानांत, ग्रामपंचायतींत, घराघरांत आहेत, आणि त्यातले पुष्कळसे केबल हेडरवर बसवताच चालू होतील.

तेव्हा नवं मशीन दुकानातून उचलण्यापूर्वी एक करा. खिशात पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि पुढच्या प्रत्येक पोर्टला लावून बघा, निळ्या, काळ्या, सगळ्या. हेडफोनचीही जागा बघा. एखादा पोर्ट चालला नाही तर कॅबिनेट तिथेच उघडायला सांगा आणि केबल जोडून घ्या. जुळवणीच्या मजुरीत ते काम धरलेलं असतं. आणि मदरबोर्डचं मॅन्युअल खोक्यासकट मागून आणा. पाच वर्षांनी केबल कुठे लावायची ते त्याच्यातच सापडेल.